दोन खोल्यांच्या घरातला तंबोरा

सिडकोच्या दोन खोल्यांच्या घरात चार-साडेचार फुटांचा तंबोरा ठेवायचा म्हटले, की सुराआधी जागेचा प्रश्न उभा राहतो. आडवा ठेवला तर वाट अडते, आणि उभा ठेवला तर लेकरांचा धक्का लागून भोपळा तडकण्याची धास्ती असते. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला गाणे शिकणाऱ्या अनेक घरांची हीच अडचण आहे. शिवाय तंबोरा आणायचा तो मिरजेहून, आणि जवारी (तारांचा नाद घुमवणारी घोडीची बारीक घडण) बिघडली तर ती काढून देणारा जाणकार जवळपास मिळेलच असे नाही. म्हणूनच बासरीवादक आणि अभियंता असलेल्या बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे मोल मला फार वाटते.

आज तेच काम मोबाइलवरचे ॲपही करते आणि त्यातला तंबोरा बहुधा खऱ्या वाद्यावरून ध्वनिमुद्रित केलेला असतो. अडचण येते ती मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरची. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज (सा) धरून, गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातला खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, सुमारे ६९ हर्ट्झवर असतो आणि एवढा खालचा नाद तो स्पीकर जवळजवळ गाळूनच टाकतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार (ग) ऐकण्यासाठी ती तार भरीव वाजायला हवी, म्हणून ॲप वापरणाऱ्याने बरा बाहेरचा स्पीकर जोडावा आणि तो भिंतीकडे नव्हे, कानाकडे तोंड करून ठेवावा. भारनियमनाचा विचार करून तो बॅटरीवर चालणारा असला तर उत्तम.

पेटीला (हार्मोनियमला) जागा नाही म्हणून लेकराला कीबोर्ड घेऊन देणाऱ्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की आधी तंबोऱ्याची सोय करावी. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर स्वयंभू गंधार षड्जापासून साधारण ३८६ भागांवर येतो, तर कीबोर्डवरचा ४०० वर पक्का बसवलेला असतो. आजच्या बहुतेक पेट्यांतही हा फरक असतोच, परंतु तंबोरा सुरू असला की तो कानाला जाणवतो आणि गळा हळूहळू आपली जागा शोधतो. निव्वळ कीबोर्डच्या आधारे शिकलेल्या गळ्याला ही संधीच मिळत नाही.

इलेक्ट्रॉनिक तबला गायकाच्या रियाजाला पुरेसा आहे. विलंबित, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा एकताल तो न थकता, लय न हलवता धरून ठेवतो. मात्र जो तबलाच शिकतो आहे, त्याला इलेक्ट्रॉनिक पॅड देऊ नये. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवले की घुमारा चढत जातो, आणि ही मींड, म्हणजे नादाची सलग चढण, साध्या पॅडवर निघत नाही. तबला-डग्गा पलंगाखालीही मावतात; आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळचा एक तास ठरवून घ्यावा.