चिंचेखालचा लोडर

आमच्या स्वराज ८५५ ट्रॅक्टरला पुढं लोडर, म्हणजे माती-खत उचलायचा बकेटचा सांगाडा, बसवून ११ वर्षं झाली. तो १९९४ चा, पॉवर स्टेअरिंग नाही. लोडर बाहेरून, वेल्डिंगच्या दुकानातनं करून घेतलेला. शेणखत भरायला, मुरूम पसरायला एक नंबर. पण एकदा चढला की वर्षभर उतरायचा नाही. उतरवायचा म्हणजे चिंचेच्या फांदीला चेन पुली, १६ बोल्ट, चार माणसं आणि अर्धा दिवस. त्यातले चार बोल्ट सायलेन्सरच्या आडोशाला, पाना पाव फेराही फिरत नाही. मग कोण उतरवतंय? रोटावेटर मारायला लोडरसकट, सरी सोडायला लोडरसकट. पुढचे टायर दोन हंगामात गुळगुळीत, आणि संध्याकाळी माझे खांदे भरून यायचे ते वेगळंच.

खरी गोम लोडर उचलणाऱ्या हायड्रॉलिक तेलात होती. टाकीत परत येणारं तेल गाळणारा रिटर्न फिल्टर नेमका लोडरच्या डाव्या खांबामागं. फिल्टर बदलायचा तर खांब सोडायचा, म्हणून तीन वर्षं बदललाच नाही. मागच्या पावसाळ्यात बकेट हिसके देत उचलायला लागली, पंप रडायला लागला. टाकीचं झाकण काढलं तर वर फेस आणि खाली दुधाळ तेल. मिस्त्री वाकून बघून म्हणाला, "अण्णा, हे तेल नव्हं, बासुंदी हाय." झाकणातनं पावसाचं पाणी आणि सक्शन पाइपाच्या सैल क्लिपेतनं हवा, दोन्ही बरोबरच आत जात होतं. ३५ लिटर तेल ओतून दिलं. ६८ नंबरचं नवीन तेल भरताना ठरवलं की आता आधी लोडर सुटा करायचा.

बोल्टांच्या जागी लोखंडी चॅनलच्या दोन खोबणी केल्या. त्या ट्रॅक्टरला कायमच्या. लोडरचे खांब वरनं त्यात बसतात आणि दोन्हीकडं ३२ मिलिमीटरची एकेक पिन. पिनेचं तोंड लेथवर गाजरासारखं निमुळतं करून घेतलं, त्यामुळं भोकं थोडी पुढंमागं असली तरी ती वाट काढत आत जाते. पूर्वी पहारीनं भोकं जुळवताना बोटं चेचायची. उतरवलेला लोडर उभा राहावा म्हणून बूमला, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हातांना, पाइपात पाइप घालून दोन पाय केले. पहिल्यांदा ते ओल्या मातीत टेकवले आणि रात्रीत एक पाय वीतभर रुतून सगळा लोडर कलला. नशीब, ट्रॅक्टर मागं घेतला होता, नाहीतर रेडिएटर गेला असता. तेव्हापासून पायाखाली फळ्या.

होज पाइपांनी मात्र घाम काढला. पूर्वी लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व लोडरच्याच खांबावर होता. तो मडगार्डवर घेतला, म्हणजे सोडायचे पाइप झाले चार: दोन बूमचे, दोन बकेटचे. चारही जागी क्विक कपलिंग, म्हणजे पान्याशिवाय लागणारे-सुटणारे जोड. प्रत्येक जोडीत लोडरच्या बाजूला एक नर, एक मादी, म्हणजे जोडीतल्या जोडीत उलटं लागतच नाही. बूमचं बकेटला लागू नये म्हणून बेंदराला शिंगांसाठी आणलेला लाल-पिवळा रंग उरला होता, तो मारला.

एप्रिलमध्ये लोडर उघड्यावर काढून ठेवला. दुपारी दोनला जोडायला गेलो तर एकही कपलिंग बसेना. पुतण्या घण घेऊन आला, त्याला थांबवलं. झालं होतं असं की कपलिंग काढल्यावर त्याचा व्हॉल्व बंद होतो, आतलं तेल अडकतं. उन्हात तेल फुगलं, त्याला जायला जागा नाही, म्हणून ते आतनं व्हॉल्व दाबून धरत होतं. चिंधी गुंडाळून होजचा नट हळूच अर्धा फेरा सैल केला, चमचाभर तेल आलं आणि कपलिंग टक्कन बसलं. आता पाइप सोडण्याआधी इंजिन बंद करून दोन्ही लिव्हर पुढंमागं हलवतो, प्रेशर जातं. सोडल्यावर जोडीची दोन टोकं एकमेकांतच अडकवतो, धूळही जात नाही. आणि लोडर सावलीत ठेवतो, चिंचेखालीच.

फिल्टर आता बाहेर आलाय, दहा मिनिटांचं काम. टाकीच्या तळाला छोटा बॉल व्हॉल्व लावला. पाणी रात्रभरात खाली बसतं, म्हणून पावसाळ्यात सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी तो थोडा उघडून बघतो. बकेटच्या पिनांचे ग्रीस निप्पल आतल्या बाजूला होते, ग्रीसची गनच पोचायची नाही. पिनेला टोकातनं भोक पाडून निप्पल बाहेर काढले.

एक सांगून ठेवतो. होज कुठं गळतोय ते चालू इंजिनवर हात फिरवून बघू नका. सुईएवढ्या भोकातनं येणारी धार कातडी फोडून आत शिरते, जखम ठिपक्याएवढी दिसते आणि हात जायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. आणि तसं झालंच तर दुखायची वाट न बघता तडक मोठा दवाखाना गाठा.

आता एकटा २५ मिनिटांत उतरवतो. चढवायला थोडा जास्त वेळ लागतो, कारण ट्रॅक्टर सरळ रेषेत आणणं माझ्या मानेला जमत नाही. चेन पुली धाकट्यानं विहिरीवरची मोटर काढायला नेली, ती अजून आलेली नाही.