असाजी नव्हे, असागी

मामेभावाचा आवाजी मेसेज आला तेव्हा मी नागाओकात, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मिसो सूप पुढ्यात घेऊन बसले होते. "ताई, टाकी भरली बघ. दोन असाजी, एक हाय उत्सुरी, एक जिन रिन संकी आणि एक टँचो. लई भारी दिसत्यात. तू तिथंच हाईस तर जरा विचारून सांग की, ह्या नावांचा अर्थ काय असतोय. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतोय, जपानी हाय, अर्थ नसतोय."

असाजी ऐकून मला आधी वाटलं, कुणीतरी माणूसच. संताजी, धनाजी, असाजी. मग फोटो आले. पाठीवर निळसर जाळी आणि पोटाकडे तांबूस कडा असलेला मासा कोल्हापूरच्या सिमेंटच्या टाकीतून वर बघत होता.

मी नीगाता प्रांतात तीन वर्षं राहते. नागाओका शहराच्या हद्दीतच यामाकोशी नावाचा डोंगराळ भाग येतो आणि पलीकडे ओजिया. रंगीत कोई माशांचं हे माहेर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले शेतकरी भाताच्या खाचरांशेजारच्या तळ्यांत काळे मासे पाळायचे, ते हिवाळ्यात खाण्यासाठी. बर्फात गाव चार-चार महिने कोंडलेलं असायचं, तेव्हा तेवढाच ताजा घास. त्यांतल्या एखाद्या पिल्लाच्या अंगावर लाल ठिपका दिसला की ते खायचं सोडून वेगळं ठेवायचे. एवढं मला माहीत होतं, कारण स्टेशनातल्या पाटीवर लिहिलेलं असतं. पण माशांची नावं? मी बागेतल्या तळ्याशी थांबून "अय्या, लाल" म्हणणाऱ्यांतली.

आधी इंटरनेटवरचे इंग्रजी तक्ते काढले. अर्धा घोळ तिथेच आहे. तक्त्यात इंग्रजी अक्षरं असतात आणि आपण ती इंग्रजीसारखीच वाचतो. 'जी' अक्षर दिसलं की ज, 'टी' दिसलं की ट, 'एच-आय' दिसलं की हाय. भावाची सगळी नावं अशी विलायतेहून फिरून आलेली होती. गिनरिनचं जिन झालं होतं. गिन म्हणजे चांदी, रिन म्हणजे खवला. दारूचा काही संबंध नाही. तान्चोचं टँचो झालं होतं. जपानीत आपला ट नाहीच, त आहे. हाय उत्सुरीतला 'हाय' म्हणजे नुसतं हि, लाल रंग. आता कोल्हापुरात "हाय उत्सुरी" म्हटलं की कुणीही विचारणार, "हाय का? कुठं हाय?"

खरी फजिती मात्र माझीच झाली. आमच्या गल्लीत सूचनांची फाईल घरोघर फिरते, काइरानबान म्हणतात तिला. वाचली की सही करायची आणि शेजारी द्यायची. माझ्या शेजारचे आजोबा मूळचे यामाकोशीचे. (समोर मी त्यांना आडनावाला सान लावूनच हाक मारते, आजोबा हे आपलं इथल्यापुरतं.) त्यांचे धाकटे भाऊ अजून तिकडे मासे पाळतात, हे ऐकून होते. फाईल देता देता दारातच म्हटलं, "माझ्या भावाला एक कोहाकु घ्यायचाय."

आजोबा म्हणाले, "वा! अंगठी की माळ?"

मी बघतच राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते दाराला धरून हसायला लागले. आखूड ओकार लावून कोहाकु म्हटलं तर तो अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा पिवळा खडा. मासा हवा असेल तर ओ लांबवायचा. त्यांनी बोटं मोडून दाखवली: को, ओ, हा, कु. चार. अंबर तीन बोटांत संपतो.

मला शाळेतल्या वृत्तांच्या तासाची आठवण झाली. ते बोटं मोडणं म्हणजे मात्रा मोजणंच होतं. फरक इतकाच, की आपल्या हिशेबी ओ आणि आ मुळातच गुरू, आणि जपानीत साधा ओ एक मात्रा, साधा हासुद्धा एकच. लांब हवा असेल तर तो मुद्दाम लांबवावा लागतो. इंग्रजी तक्त्यांत ही लांबी लिहितच नाहीत, आणि आपल्या लिपीत आखूड ओ लिहायची सोयच नाही. त्या रात्री वही काढली आणि अवग्रह कामाला लावला. कोऽहाकु. शोऽवा. ओऽगोन. बेक्कोऽ. आरतीच्या पुस्तकात असतो तसा.

कोऽ म्हणजे लाल आणि हाकु म्हणजे पांढरा. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे. बाकी सगळ्या जाती बघायच्या आधी डोळा या माशावर तयार करायचा, असं आजोबांचं म्हणणं. भावाला सांगितलं तर तो पटकन म्हणाला, "म्हंजे ढवळ्या-पवळ्या एकाच कातड्यात." पुढचं सगळं मला यामुळे सोपं गेलं. आपण बैलाला ढवळ्या म्हणतो तेव्हा त्याचं बारसं करत नाही, नुसता रंग सांगतो. पवळ्या पोवळ्यासारखा, बांडा ठिपक्याठिपक्यांचा. कोईची नावंही शेतकऱ्यांनीच ठेवलेली आणि तशीच आहेत: रंग, नक्षी, कधी सालाचा शिक्का. ती पाठ करायला गेलं तर जीव जातो. कुठे तोडायची ते कळलं की मासा समोर उभा राहतो.

कोईचं गोई का होतं, हेही सरळ आहे. शब्द दुसऱ्याला जोडून आला की पुष्कळदा क चा ग होतो. आपल्याकडे वाक् आणि ईश जोडले की वागीश होतो, साधारण तसं. या सगळ्या रंगीत माशांना मिळून निशिकीगोई म्हणतात. निशिकी म्हणजे जरीचं कापड. बोलताना मात्र मधला शि जवळजवळ गिळतात आणि कानावर 'निश्किगोई' पडतं. मला आधी वाटलं आजोबांचे दात. नंतर ओजियाच्या कोई संग्रहालयात तिकीट देणारी विशीतली मुलगीही निश्किगोईच म्हणाली. आपण करवत लिहितो आणि मधला अ खाऊन मोकळे होतो, त्यातलाच प्रकार.

बाकी एकट्या कोईचा उच्चार कोइ, पण आमच्या मामीने पहिल्याच दिवशी निकाल लावला होता: "कोय पाळतोय म्हणं टाकीत. आंबा कुणी खाल्ला?"

यादी देवनागरीत लिहायला बसले आणि वेगळीच गंमत सुरू झाली. मराठीत च दोन आहेत. तान्चो असं लिहिलं तर भाऊ ते चोरातल्या च ने वाचणार. मग तान्च्योऽ लिहिलं. तान् म्हणजे लाल, च्योऽ म्हणजे माथा. डोक्यावर तेवढा एक लाल गोल, तान्च्योऽ नावाच्या क्रौंचाच्या टाळूवर असतो तसा. कुजाकु म्हणजे मोर. तिथलाही ज जाडातला नाही, जीवातला आहे, म्हणून कुज्याकु. आणि चागोई लिहायची तर च्यागोई. च्या म्हणजे चहाच, आणि मासाही चहाच्या रंगाचा. कोल्हापुरात हा उच्चार कुणाला शिकवावा लागत नाही. "च्या घेतलास का" म्हणणाऱ्या भावाने तो पहिल्या फटक्यात बरोबर केला आणि वर म्हणाला, "ह्यो आपलाच."

उलट जिथे चोरातला च हवा तिथे इंग्रजी तक्ते अडखळतात आणि आपण सुटतो. उत्सुरीतला त्सु म्हणजे जवळजवळ चुलीतला चू. मात्सुबा, दोइत्सु, सगळीकडे तोच. मला हा आवाज जपानीच्या वर्गात पहिल्या दिवशी आला होता आणि बाईंनी विचारलं होतं, आधी शिकली होतीस का. शेवटचा तुरा कुमोन्ऱ्यूचा. कु म्हणजे नऊ, मोन् म्हणजे घराण्याचं चिन्ह, ऱ्यू म्हणजे ड्रॅगन. त्यातला ऱ्यू दऱ्याखोऱ्यांतल्या ऱ्यासारखा म्हटला की झालं.

दोइत्सुवरून मी बराच वेळ अडले होते. जपानी शब्दकोशात अर्थ सापडतो तो जर्मनी. माशाच्या नावात जर्मनी कशाला? तर जर्मनीहून आलेल्या, अंगावर फारसे खवले नसलेल्या कार्प माशांशी (कोई हाही कार्पच) संकर केलेले ते दोइत्सु. त्यातला पहिला गाजलेला म्हणजे शूऽसुइ, 1910 साली असागीपासून काढलेला. असागी हे मुळात रंगाचं नाव, फिकट निळीतून काढलेल्या कापडाचा रंग. भावाला म्हटलं, तुझा असाजी हा असागी आहे, गणपतीतला ग. तो जरा हिरमुसला. दोघांना त्याने मानाने हाका मारायला सुरुवात केली होती.

संकीचा तिढा सोडवायला ऑक्टोबर उजाडला. इथे जूनमध्ये मासे डोंगरातल्या चिखलाच्या तळ्यांत सोडतात आणि बर्फ पडायच्या आत काढून घरात आणतात. त्या काढण्याला इकेआगे म्हणतात. आजोबांनी विचारलं, येतेस का, माणसं कमी आहेत. त्यांच्या भावाच्या तळ्यावर पोचलो तेव्हा पाणी आधीच उतरवलेलं होतं, मांडीएवढं उरलेलं, दाट च्यासारखं. छातीपर्यंतचे रबरी बूट चढवलेली पाच माणसं जाळं धरून एका काठाकडून दुसऱ्याकडे सरकत होती. मला काठावर निळी टोपली धरून उभं केलं होतं. जाळं आवळत आलं तसं पाणी उकळल्यासारखं हलायला लागलं, आणि चिखलातून एकदम एक पांढरी पाठ वर आली, तिच्यावर लाल, लालावर काळं. इतका स्वच्छ पांढरा त्या पाण्यात कसा राहतो कोण जाणे.

"कोणता?" आजोबांनी विचारलं.

मी भीतभीत म्हटलं, "सान्के?"

"डोकं बघ."

डोक्यावर काळं नव्हतं, फक्त पाठीवर थोडे थेंब. मग सान्के बरोबर. भावाचा 'संकी' तो हाच. ताइशोऽ सान्के: ताइशोऽ हा 1912 ते 1926 चा राजकाल आणि सान्के म्हणजे तीन रंग. पुढच्या टोपलीत आला त्याचं काळं नाकापासून पोटापर्यंत विजेसारखं गेलेलं. तो शोऽवा. त्याचेही रंग तेच तीन, पण पाया काळा. होशिनो जुकिची यांनी तो 1927 साली काढला, शोऽवा काळ नुकताच लागला होता, म्हणून ते नाव. सान्के पांढऱ्या कापडावर काढलेला आणि शोऽवा काळ्यावर, असं मी वहीत लिहिलं. शोऽवाची पिल्लं अंड्यातून निघतानाच काळी असतात, असं आजोबांच्या भावाने सांगितलं. आजोबा स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले, "मीही शोऽवाच. पांढरा नंतर झालो."

परत येताना ट्रकमध्ये मी त्यांना भावाच्या माशांचे फोटो दाखवले. मधल्या काळात त्याने आणखी एक घेतला होता, शोऽवा म्हणून, बऱ्याच पैशांना. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला. "सान्के वाटतो. पण पोरगाच आहे. सुमी अजून खाली आहे." सुमी म्हणजे शाई, माशावरच्या काळ्याला तेच म्हणतात. ती कातड्याखाली निळसर दिसते आणि वर यायला कधी कधी वर्षं घेते. भावाला कळवलं तर त्याने विकणाऱ्याला दोन शिव्या घातल्या आणि मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आता लळा लागलाय."

वळणावर आजोबांनी ट्रक हळू करायला लावला. खाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आणि तळी होती. काही तळ्यांच्या जागी नुसता उतार होता. 23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात हा डोंगर घसरला आणि अख्खं गाव हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. वाचलेले काही मासेही हेलिकॉप्टरनेच नेले. आजोबा तेव्हापासून आमच्या गल्लीत. ते याबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पाऊस पडत होता. पाऊस म्हणण्यासारखाही नाही, दोन मिनिटं भुरभुर आणि थांबला, मग परत. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "शिगुरे."

यादीतलं शेवटचं नाव मला तोवर कळलंच नव्हतं: ओचिबा शिगुरे. ओचिबा म्हणजे गळलेली पानं, हे ठाऊक होतं. शिगुरेला शब्दकोशात 'हिवाळ्याच्या तोंडचा पाऊस' एवढंच होतं. राखाडी पाठीवर तपकिरी डाग असलेला मासा, त्याला असलं नाव कशाला, असं वाटायचं. रस्त्याकडेच्या तळ्यावर बीच नावाच्या झाडांची पानं पडली होती आणि त्यावर ती भुरभुर चालू होती. वहीत त्या नावापुढे अर्थ लिहायचा राहिला तो राहिलाच. भावाला तळ्याचा फोटो पाठवून दिला.

यादी मी नोव्हेंबरात पाठवली. त्याचा पहिला शेरा: "हि उत्सुरीत हि ऱ्हस्व काढलाईस. शुद्धलेखन चुकलंय, ताई." शेवटचा इकार दीर्घ हे त्याला बरोबर आठवत होतं. मी म्हटलं, ऱ्हस्वच आहे, तसाच म्हण. कोऽहाकुचं गाडं मात्र अडलेलंच. अवग्रह लिहूनही तो अंबरच मागायचा, आणि खरं सांगायचं तर घाईत मीही.

31 डिसेंबरला संध्याकाळी इथे घरोघरी टीव्हीवर गाण्यांचा तो मोठा कार्यक्रम लागतो, बायकांचा लाल संघ आणि पुरुषांचा पांढरा. त्याचं नावच कोऽहाकु. तीन वर्षं मी तो बघत होते आणि माशाशी जोडला नव्हता. निवेदिकेने नाव घेतलं तसा फोन टीव्हीला लावून तेवढाच तुकडा रेकॉर्ड केला आणि कोल्हापूरला धाडला: ऐक, को किती लांबतोय बघ.

तिकडे दुपार होती, तो टाकीपाशीच असावा, मागे पाण्याचा आवाज येत होता. "कोऽहाकु," तो म्हणाला. अगदी बरोबर. मग थोडा थांबून: "पण ताई, ही बाई माशाबद्दल एवढं नटून का बोलायली?"