कुमबू ब्रोच : सोनं बसलं, काळवणं बाकी

ब्रोचची मागची पिन डाग देऊन झाली आणि मगच सोन्याला हात घातला. कोरियन कुमबूमध्ये सोन्याचा पातळ पत्रा चांदीवर नुसत्या उष्णतेने आणि दाबाने धरतो, मध्ये डाग नाही की गोंद नाही. नंतर त्यावर टॉर्च फिरवला तर सोनं चांदीत मुरून फिकं पडतं. म्हणून सगळं झाळकाम आधी.

माझी चांदी ९२.५ टक्क्यांची आहे. ब्रोचला ताठपणा हवा, चोख चांदी फार लवचिक पडते. पण उरलेलं तांबं तापल्यावर पृष्ठभागी काळं होऊन येतं, आणि त्या काळ्यावर सोनं टिकत नाही. उपाय जुनाच: पत्रा तापवायचा, गरम सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सोडायचा, पितळी ब्रशने घासायचा, पुन्हा तापवायचा. दर फेरीला वरच्या थरातलं थोडं तांबं निघून जातं. ताप दिल्यावरही पत्रा पांढराफटक राहिला की समजायचं, वर शुद्ध चांदी आली. तिथून पुढे त्याला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं.

प्रत्यक्ष काम हॉटप्लेटवर, साधारण २६० ते ३७० अंश सेल्सिअसमध्ये. आइस्क्रीमची काडी टेकवली की तपकिरी डाग उमटतो, तेवढा अंदाज मला पुरतो. सोनं २४ कॅरेटचं, वर्खापेक्षा बरंच जाड, तरी फुंकरीने उडेल असं. ते ट्रेसिंग पेपरच्या घडीत ठेवून कापायचं, नाहीतर कात्रीलाच चिकटतं. तुकडा जागेवर ठेवून अकीकाच्या ओपणीने, म्हणजे घोटायच्या गुळगुळीत अवजाराने, आधी मधोमध दाबायचा, मग कडांकडे जायचं. धरलं की ते हाताला कळतं: ओपणीखालचं सरकणं थांबतं. कुठे फुगवटा राहिलाच तर सुईने टोचून हवा काढायची आणि ती जागा पुन्हा घोटायची.

आता नक्षीबद्दल. आईचं आजोळ कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. मी तिच्याकडून घरांची मांडणी विचारून घेतली आणि तेवढे सोन्याचे चौकोन लावले, काही तिरके, दोन एकमेकांना चिकटून. भोवतीची चांदी काळी करणार, तेच पाणी. मावशीने पाहून पहिलं विचारलं, ‘‘यात सोनं किती ग्रॅम रे?’’ सोनं तोळ्यात मोजणाऱ्या घरात हा प्रश्न येणारच. माझ्या वजनकाट्यावर ते धड दिसतसुद्धा नाही! कुमबूचं मला हेच आवडतं. सोनं इथे ऐपत सांगायला नसतं, रंग म्हणून वापरता येतं.

हे तंत्र कोरियाबाहेर पोचवण्यात कोमेलिया ओकिम यांचा मोठा वाटा. त्या अमेरिकेत शिकवत. आजच्या कोरियन धातुकामात मात्र कुमबू हा अनेकांतला एक मार्ग आहे. कुकमिन आणि होंगिक विद्यापीठांत धातुकलेचे स्वतंत्र विभाग आहेत. धातूवर ओत्चिल, म्हणजे झाडाच्या चिकाचं रोगण, भाजून रंग आणणारेही बरेच. २०२१ मध्ये सोलमध्ये हस्तकला संग्रहालय उघडलं, त्यांच्या संग्रहाची छायाचित्रं बघत बसलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

मला पुढे इप्सा, म्हणजे धातूवर धातू ठोकून बसवायचं कोरियन जडावकाम, करायचं आहे. होंग जोंग-सिल त्यातल्या मानल्या गेलेल्या कारागीर. आपल्या बिदरीत खाच कोरून तार ठोकतात. इप्सातल्या एका प्रकारात लोखंडावर छिन्नीने चहूबाजूंनी बारीक घाव घालून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्या दातऱ्यांवर चांदी ठोकून बसवतात.

त्याआधी हे काळवणं. गंधकाच्या द्रावणात चांदी काळी होते आणि सोनं तसंच राहतं, त्यामुळे झाकाझाक काही नाही. प्रश्न एवढाच की द्रावण कोमट ठेवून सावकाश जावं की गरम करून एका बुडीत आटपावं. मला एकसारखा गडद राखाडी हवा, निळी-जांभळी झाक नको. कोणी केलं असेल तर द्रावण किती पातळ ठेवलं तेही सांगा.