चेस्टनटची नोंदवही: यंदाचे दोन किलो

गेल्या हंगामात मी चेस्टनट टोपलीत उघडेच ठेवले होते, अक्रोड ठेवतो तसे. दहा दिवसांत निम्मे वाळून दगड झाले आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बुरशी लागली. दिसतो सुक्या मेव्यासारखा म्हणून त्याला वागवलंही तसंच, तिथेच चुकलं. ताज्या चेस्टनटमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं, तेल दोन-तीन टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक सगळा स्टार्च. साठवणीपुरता तो अक्रोडापेक्षा गाजराच्या जवळचा. हे एकदा डोक्यात बसलं आणि यंदाची सगळी आखणी बदलली.

दिवस १. दोन किलो पाण्यात टाकले. तरंगले ते बाजूला काढून फोडले. काहींत अळी निघाली, काही नुसतेच आत आक्रसलेले होते. म्हणजे तरंगणारा प्रत्येक दाणा किडका नसतो, पण साठवायला तो कामाचा नाही एवढं नक्की. मग बुडालेल्यांना ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवलं. आतली अंडी-अळ्या मरतात, गर मात्र शिजत नाही. थर्मामीटरवरून नजर हटवता येत नाही. पाणी ५५ च्या वर जायला लागलं की लगेच गार पाणी घालत राहिले. शेवटी गार पाण्यात बुडवून कापडावर पसरले आणि पूर्ण कोरडे होऊ दिले. टरफलावर ओल राहिली तर बुरशीला आमंत्रणच.

दिवस ४. अर्धे तसेच खोलीत एका थरात पसरून ठेवले होते, अर्धे लगेच फ्रीजमध्ये गेले होते. आज दोन्हींतले चार-चार भाजून खाल्ले. पसरून ठेवलेले स्पष्टच जास्त गोड! या दिवसांत स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो. दाबल्यावर टरफल किंचित आत जातं, आतली सालही सैल पडते. पण याहून जास्त दिवस थांबायला मी धजावले नाही, कारण वाळण्याची सुरुवातही इथूनच होते. सगळे फ्रीजमध्ये हलवले: भोकं पाडलेली पिशवी, आत कागदी रुमाल, तापमान शून्य ते चार अंशांच्या दरम्यान. हवाबंद डबा नको, त्यात घाम धरतो.

दिवस ९. आजचा सगळा वेळ सोलण्यात गेला आणि लिहिण्यासारखंही तेच आहे. टरफल कोणीही काढेल. खरी कसोटी आतल्या तपकिरी सालीची. ती तुरट असते, आणि युरोपीय जातीत गराच्या घड्यांत शिरून बसते. (चिनी जातीची साल बरीच सहज सुटते, म्हणून सोलण्याचे अनुभव सांगताना जात जरूर लिहा.) आधी मी सपाट बाजूवर फुली मारायचे. आता फुगीर बाजूवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच चीर देते. दात्यांची सुरी टरफलातून जाते, मग साल कापल्याचा बारीकसा करकर आवाज येतो, तिथे थांबायचं. चीर सालीपर्यंत पोचली नाही तर ती गरालाच चिकटून राहते. आणि चीर दिल्याशिवाय तापवायचं तर अजिबात नाही. आत वाफ कोंडून दाणा फुटतो, चटका बसतो.

अर्धा तास पाण्यात भिजवून ओव्हनमध्ये २०० अंशांवर २५ मिनिटं भाजले. चीर उलगडून आतला पिवळा गर दिसायला लागला की बाहेर काढायचे, जाड टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं वाफ मुरू द्यायची. नंतर एकेक काढून सोलायचा, बाकीचे झाकलेलेच. गरम असताना साल अख्खी टोपीसारखी निघते. गार झालेला दाणा मात्र पुन्हा मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकावा लागतो.

सूप किंवा प्युरे करायची असेल तर मी उकडतेच. भाजल्याचा खमंगपणा तिथे हरवतोच, आणि उकडलेला गर चाळणीतून मऊ उतरतो.

दिवस २३. फ्रीजमधले अजून टणक आहेत. दोनांना देठाकडे पांढरी बुरशी दिसली, ते फेकले, शेजारचे पुसून कागद बदलला. तिखट-आंबूस वास आलेला एकही दाणा मी चाखून बघत नाही.

दिवस ३०. उरलेल्या सगळ्यांना चिरा देऊन, कच्चेच, फ्रीझरमध्ये टाकले. यातले सहा नंतर न वितळवताच थेट ओव्हनमध्ये भाजले. पाच-सहा मिनिटं जास्त लागली, पण साल ताज्यापेक्षाही सहज सुटली. गर किंचित ओलसर वाटला.

झाडाखालचे वेचणाऱ्यांसाठी: हॉर्स चेस्टनट, म्हणजे दिसायला मिळताजुळता पण वेगळ्याच झाडाचा दाणा, विषारी आहे. त्याच्या हिरव्या कवचावर मोजकेच जाड काटे असतात आणि बी गुळगुळीत, टोक नसलेलं. खाण्याच्या चेस्टनटचं कवच दाट बारीक सुयांनी भरलेलं असतं, दाण्याला टोक आणि त्यावर लहानसा तुरा. तुरा दिसला नाही तर मी तो दाणा उचलतच नाही.