‘एखादं छान पुस्तक सुचवा ना’ : तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि मी लगेच नाव सांगत नाही म्हणून लोक नाराज होतात. ‘एवढं वाचता, मग एक नाव सांगायला काय जातं?’ असंही ऐकून घेतलं आहे. नाव सांगायला माझं काहीच जात नाही. जातं ते नंतर, आणि विचारणाऱ्याचं. पुस्तक घरी येतं, तिसाव्या पानावर खूण अडकते आणि महिन्याभरात त्या माणसाची खात्री पटते की आपल्याला मुळात वाचनाची आवडच नाही. पुस्तक चुकीचं मिळालं असेल, हे फार थोड्यांच्या मनात येतं. बाकीचे दोष स्वतःकडे घेतात. म्हणून मी आधी उलट प्रश्न विचारते, आणि तो शिष्टपणा वाटत असेल तर वाटू दे.

‘कुठल्या प्रकारची पुस्तकं आवडतात?’ हे मी विचारत नाही. ऐतिहासिक, विनोदी, गूढ अशी उत्तरं येतात. ती खरी असतात, पण त्यांच्यावरून पुढचं पुस्तक निघत नाही. मी विचारते : खाली ठेववलं नाही असं शेवटचं पुस्तक कोणतं? अर्धवट सोडलेलं कोणतं आणि साधारण कुठे सोडलं? वाचता कधी, झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं की सुट्टीच्या दिवशी सलग? आणि सध्या काय वाचवणार नाही? हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. पण घरात नुकतंच आजारपण होऊन गेलेल्या माणसाच्या हाती आजारपणाचीच कादंबरी द्यायची नसेल, तर तो विचारावाच लागतो.

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी एक मांडणी केली आहे, ती मला फार उपयोगी पडते. त्या म्हणतात, वाचक पुस्तकात चार दारांपैकी एका दाराने शिरतो : कथा, पात्रं, परिसर किंवा भाषा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चंच घ्या. धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला आलेला एक तरुण मास्तर, एवढाच ऐवज. ती आवडलेल्या दोघांना मी कधीच एक पुस्तक सुचवत नाही. एकाला तो माळ, ती मेंढरं आणि शेवटचा दुष्काळ डोळ्यांसमोर दिसलेला असतो. त्याला मी प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’ देते : हिमालयात लष्करी शिस्तीत चाललेलं रस्त्याचं काम, आणि तो डोंगर प्रत्येक पानावर हजर. दुसऱ्याला कारभारी आणि आनंदा रामोशी भेटलेले असतात. त्याच्यासाठी माडगूळकरांचीच ‘माणदेशी माणसं’. आणि ज्याला त्यातलं बोलणंच कानात राहिलं, त्याने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. विषयाचा काही संबंध नाही, पण बाई समोर बसून बोलताहेत असं वाटतं. आणि ‘बनगरवाडी’त काही घडतच नाही म्हणून ज्याने ती सोडली, तो कथेच्या दाराचा माणूस. त्याला या तिन्हींपैकी एकही देऊ नये.

एकाच कप्प्यातली पुस्तकं एकमेकांपासून किती लांब असतात ते भयकथांत लगेच कळतं. नारायण धारपांकडे अमानवी शक्ती खरोखर असते आणि पुष्कळदा तिच्याशी लढणाराही असतो. अशा शक्तींशी लढणाऱ्या ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथांत तर वाचकाला तोच आधार वाटतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भीती माणसाच्या मनातून निघते आणि शेवट असा कलाटणी घेतो की सुटका उरत नाही. ‘भीतीदायक काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला यांतली कुठली भीती हवी आहे हे विचारल्याशिवाय पुस्तक द्यायचंच कसं? महाभारताचंही तेच. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णासकट सहाजण आपापल्या तोंडाने बोलतात आणि वाचक त्या भावनेत वाहत जातो. इरावती कर्व्यांचं ‘युगांत’ सडपातळ आहे आणि थंड डोक्याने एकेका व्यक्तीची उलटतपासणी करतं. पहिलं आवडलं म्हणून कुणी दुसरं भेट दिलं की ते बहुतेक वेळा कपाटात जातं. विज्ञानकथेला बिचकणाऱ्याला कादंबरी देऊच नये. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्यावा, एका बैठकीत एक कथा संपते. विनोदाबद्दल मी सहसा गप्प राहते. कोण कशाला हसेल ते सांगता येत नाही, आणि न हसलेल्या माणसाला पुस्तक परत करताना अपराधी वाटतं.

आता सोडण्याबद्दल. नॅन्सी पर्ल यांचाच नियम आहे : 50 पानं वाचा, नाही जमलं तर ठेवून द्या. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं पुस्तकाला द्या. म्हणजे सत्तराव्या वर्षी 30. हा नियम सांगितला की मोठी माणसं सुखावतात, स्वतःला लगेच लावतात. मुलांना मात्र तीच माणसं लावत नाहीत. ‘घेतलंय ना हातात, मग पूर्ण कर.’

मुलांसाठी विचारणाऱ्यांशी माझे खटके उडतात ते इथेच. ‘आठ वर्षांच्या मुलीला काय देऊ?’ यात वय आहे, मुलगी कुठेच नाही. वयापेक्षा तिला एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि अडेल त्या शब्दाला एक बोट मिटायला सांगा. एखादं बोट मिटलं तर पुस्तक सोपं, दोन-तीन मिटली तर नेमकं, चार मिटली तर शेजारी कुणीतरी बसायला हवं. पाचही मिटली तर तुम्ही वाचून दाखवा. वाचायला नुकतं लागलेलं मूल गोष्टीत कमी आणि जोडाक्षरात जास्त अडतं, म्हणून आधी छपाई बघा : टाईप मोठा, दोन ओळींत मोकळी जागा, ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नाही, संवाद छोटे. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं या वयात चालतात, कारण चित्र आणि मजकूर एकमेकांचं काम वाटून घेतात. चित्रात दिसतं ते पुन्हा सांगत बसत नाहीत.

कानाने समजणं हे डोळ्यांनी वाचून समजण्याच्या पुष्कळ पुढे असतं. म्हणून वाचून दाखवायचं पुस्तक वेगळं आणि मुलाने स्वतः वाचायचं वेगळं. ‘श्यामची आई’ एकेका रात्रीची एकेक आठवण अशी बांधलेली आहे, ती ऐकायला योग्य. ‘गोट्या’ची भाषा आता जुनी झाली, तिथे मोठं माणूस सोबत हवं. ‘चौघीजणी’ बारा-तेराव्या वर्षी स्वतःहून वाचली जाते. ‘पाडस’चा शेवट फार जड आहे, मूल ते संपवेल त्या दिवशी घरात कुणीतरी मोकळं असावं, एवढं बघाच. आणि काहीच सुचत नसेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते 1971 पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यात गोष्ट, कविता, कोडं सगळं असतं आणि काय वाचायचं ते मूल ठरवतं.

एवढं सगळं सांगूनही लोक म्हणतात, ‘ते ठीक आहे, पण नावं द्या.’ त्यांच्यासाठी एका मुलाची गोष्ट सांगते.

नऊ वर्षांचा मुलगा. त्याची आई विचारायला आली होती : पूर्वी खूप वाचायचा, आता पुस्तकाला हात लावत नाही, आता कुठली देऊ? तो खरंच वाचायचा याचा पुरावा म्हणून तिने त्याची वाचनवही आणली होती. वही सुरेख आखलेली होती. तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, कठीण शब्द, तात्पर्य. रोज रात्री वडील तपासून सही करायचे. सुरुवातीच्या नोंदी रकान्यांत मावत नव्हत्या. ‘फास्टर फेणे’पाशी समासात सायकल काढली होती आणि ‘ट्टॉक!’ तीन रंगांत रंगवलं होतं. सायकलीखाली लाल पेनने शेरा होता : ‘विषयाला धरून लिहावे.’

त्यानंतर समास कोरे. तात्पर्य : ‘संकटात घाबरू नये.’ पुढच्या पुस्तकाचंही तेच. त्याच्या पुढच्याचं ‘खोटे बोलू नये.’ मी पानांच्या रकान्यावरून बोट खाली नेलं : 112, 96, 64, 48, 32, 16. सगळ्यात बारीक पुस्तकालाही तेवढेच रकाने भरायचे असतात, हे त्याला कळलं होतं. आणि शेवटच्या नोंदीत त्या नऊ वर्षांच्या हाताने लिहिलं होतं : ‘मुलांवर सुसंस्कार करणारी रंजक कथा.’ हे मलपृष्ठावरून उतरवलेलं होतं. आत त्याने काही वाचलं की नाही, कोण जाणे.

आई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. म्हणाली, ‘पण आम्ही त्याला कधी रागावलो नाही हो.’ ते खरंच होतं. रागावलं कुणीच नव्हतं. दोघांनी वेळ काढला होता, पुस्तकं आणली होती, न चुकता वही बघितली होती. मुलाला वाचलेलं समजतंय का, हे बापाला कळायला हवं असेल तर त्यात चूक नाही. पण ते वहीशिवायही कळतं. समजलं असेल तर मूल नको त्या वेळी येऊन ‘हे ऐक ना’ म्हणतं, एखाद्या जागी एकटंच हसतं, ‘त्याने असं करायलाच नको होतं’ म्हणून भांडतं.

मी तिला एकही नवीन पुस्तक सांगितलं नाही. वही बंद करा, आणि ‘आता मजेसाठी वाच’ असं जाहीर करू नका, कारण तीही अपेक्षाच झाली. रात्री पंधरा मिनिटं वाचून दाखवा. घरात ‘बोक्या सातबंडे’ पडून होतं, त्यातला एकेक किस्सा सुटा आहे, ते घ्या. ऐन रंगात थांबा, पुस्तक त्याच्या हाताशी उघडं ठेवा, काही विचारू नका. तिने तसं केलं. काही महिन्यांनी भेटली तेव्हा सांगत होती की तो शेवटपर्यंत ऐकतो, हसतो, आणि गोष्ट संपली की स्वतःच विचारतो, ‘आई, याचं तात्पर्य काय लिहायचं?’

त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

ही गोष्ट ऐकून काहीजण म्हणतात, ‘म्हणजे मुलांनी काहीही वाचावं?’ पूर्वी मी यावर ठासून ‘हो’ म्हणायचे. चित्रकथा, भुताच्या गोष्टी, एकाच मालिकेची सगळी पुस्तकं, तेच पुस्तक दहा वेळा, काहीही. आजही मालिकांच्या बाजूने मी भांडेन. पहिल्या पुस्तकात माणसं ओळखण्यात शक्ती जाते, दुसऱ्यापासून ती शिल्लक राहते, आणि वाचनाचा वेग तिथेच येतो. पण तेराव्या-चौदाव्या वर्षीही त्याच मालिकेच्या बाहेर पाऊल न टाकलेली मुलं दिसतात, तेव्हा माझा ‘हो’ अडखळतो. कुणीतरी शेजारचं पुस्तक पुढे सरकवायला हवं होतं का? की पुढे सरकवणं आणि वहीत सही करणं यांत फारसं अंतर नाही? मोठी माणसंही आवडती पुस्तकं आयुष्यभर पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यांना कुणी टोकत नाही. एक दिवस मला हे पटतं, दुसऱ्या दिवशी ते.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर दोन पुस्तकांची नावं घेऊन या : एक आवडलेलं, एक सोडलेलं, आणि सोडलं ते कितव्या पानावर. मुलासाठी विचारत असाल तर ही दोन नावं त्यालाच विचारून आणा, आणि तो जे सांगेल ते ऐकताना ‘अरे, पण ते तर चांगलं पुस्तक आहे’ असं म्हणू नका.