तुम्ही विचारलंत म्हणून: दर दिवाळीला तेच गाणं ऐकायला पहाटे का पळते मी

ऑफिसात, सोसायटीत, भाऊबीजेला नणंदेकडे, सगळीकडे एकच प्रश्न. अगं तेच ते पाच जण, तीच ती गाणी, यूट्यूबवर सगळं पडलंय, मग नरक चतुर्दशीला मध्यरात्री उठून त्या दिवाळी पहाटच्या मैफलीला जाऊन तुला मिळतं काय? दरवेळी मी "मजा येते" म्हणून विषय संपवते कारण हातात फराळाची ताटली असते आणि चिवडा खात खात सांगण्यासारखं ते उत्तर नाहीये. यंदा परत तिघींनी विचारलं म्हणून एकदाच बसून लिहितेय, पुढच्या वर्षी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

तर आमचा ग्रुप. आमचा म्हणजे मी त्यात काही करत नाही, टाळ्या सोडून. गाणारे सर, गाणाऱ्या ताई, पेटीवाले काका, तबल्यावर दादा आणि साइड ऱ्हिदमला एक मुलगा जो आता मुलगा राहिलेला नाही, टक्कल पडलंय त्याला. निवेदक धरले तर सहा, पण निवेदकांना मी धरत नाही, दुपारी 1 ते 4 झोपणारे पुणेकर आज पहाटे 4 ला उठलेत हा विनोद ते माझ्या समोर पंधरा वेळा तरी बोललेत आणि पंधराही वेळा लोक हसलेत. पर्वतीच्या बाजूला एका मैदानावर दिवाळी पहाट असते, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, कोपऱ्यात कंदील, आणि प्रवेशिका फुकट असल्यामुळे त्यासाठी आठवडाभर आधी रांग.

पहिल्यांदा गेले 2006 ला. लग्न होऊन वर्ष झालेलं, धनकवडीतलं घर, घरात पाच माणसं आणि एक बंब. सासूबाईंना सांगितलं की पहाटे गाण्याला जायचंय तर त्या काही बोलल्याच नाहीत, म्हणजे नाही. दिवाळीची पहिली आंघोळ सोडून घरची सून गाण्याला, हे त्यांच्या डोक्यात बसेना. मग रात्री झोपताना स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली पाहिजे एवढंच आहे ना शास्त्रात? मग उठवते तीनला." आणि खरंच तीनला उठवलं. तेल, उटणं, मोती साबण, कारीट फोडणं, ओवाळणं, सगळं साडेचारला उरकलेलं, दीर बिचारा ओल्या केसांनी सोफ्यावर परत झोपलेला, आणि मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून पर्वतीकडे. तेव्हापासून आमच्या घरी दिवाळीचा गजर तीनचाच आहे. दुसऱ्या वर्षापासून सासूबाई पण यायला लागल्या आणि सतरंजीवर माझ्या आधी जागा धरायला लागल्या हे वेगळं सांगायला नको.

आता गाण्याचं. सर दरवर्षी सुरुवात ललत या पहाटेच्या रागानं करतात, मग भूपाळी, एकदोन नाट्यगीतं, भावगीतं, शेवटी अभंग आणि भैरवी. क्रम सुद्धा बदलत नाही. तर यातला जो ललत आहे ना, तिथे माझं अर्धं उत्तर आहे. माझे वडील सांगायचे की सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची शेवटची रात्र पहाटेपर्यंत चालायची आणि सकाळी भीमसेनजी गायला बसायचे, लोक शाली गुंडाळून तसेच ऑफिसला जायचे. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही, गणपतीत आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात ते मला माहितीये. पण त्यात रात्रभराच्या मैफली गेल्या आणि त्यांच्याबरोबर पहाटेचे राग पण गेले. संध्याकाळच्या कार्यक्रमात यमन घ्या, पूरिया घ्या, बागेश्री घ्या, मालकंस तर घ्याच. ललत कुठे ऐकायचा? मोबाइलवर, रात्री अकराला, भांडी घासताना. वेळेला, समोर बसून, अंगावर थोडी थंडी असताना ललत ऐकायला मिळतो तो वर्षातून एकदा, दिवाळीत.

आणि तो पण सहज मिळत नाही, कारण गणित बघा. उघडं मैदान, म्हणजे सहाच्या आधी स्पीकर नाही. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्य उगवतो साडेसहाच्या आसपास. हातात अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ, प्रायोजकांचे आभार, पाहुण्यांचं "मी आपला फार वेळ घेणार नाही" असं म्हणून घेतलेला फार वेळ. सर माइकपाशी पोचेपर्यंत चक्क ऊन आलेलं असतं. नाट्यगृहात हा प्रश्न नाही, बंद जागेला नियमात सूट आहे म्हणून तिथे साडेपाचला सुरू करतात, पण तिथे पहाट झालीये हे तुम्हाला घड्याळात बघून कळतं, त्यात काय गंमत.

2009 ला मात्र सरांनी काय केलं, पावणेसहाला येऊन बसले. पाहुणे यायचेत, माइक बंद, साउंडवाला चहा पितोय. मागे दोन विद्यार्थिनी तंबोरे घेऊन. ललतात पंचम म्हणजे प नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला, म्हणजे म ला लावतात, तो आवाजच वेगळा येतो, म्हणजे घरात सगळं जिथल्या तिथे आहे पण एक खुर्ची हलवलीये असं काहीतरी. सरांनी डोळे मिटले आणि षड्ज, म्हणजे सा लावला. माइकशिवाय. मैदानावर पाचसहाशे माणसं, मागच्यांना काही ऐकू येईना, आधी जरा कुजबुज झाली आणि मग लोक उठले आणि खुर्च्या तिथेच सोडून मुकाट्याने पुढे येऊन बसायला लागले, गुडघ्याला गुडघे लावून, सिल्कच्या साड्या गवतावर, दव पडलेलं. कुणी कुणाला सरका म्हणालं नाही. पुण्यात! नियम भोंग्याचा आहे, गळ्याचा नाही असं सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. वीस मिनिटं नुसता आलाप, तबला पण नाही, शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम एकापाठोपाठ एक असे काही यायचे की शेजारचे आजोबा दरवेळी मान डावीकडून उजवीकडे न्यायचे. मध्ये पलीकडच्या गल्लीत कुणीतरी लवंगीची अख्खी माळ लावली, सर थांबले, माळ संपेपर्यंत हसत बसले, शेवटचा फटाका वाजला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे. पाहुणे आले तेव्हा त्यांना व्यासपीठापर्यंत जायला वाटच नव्हती.

असं परत कधी झालं नाही. पण परत होईल या आशेवर मी जात नाही, तसं वाटत असेल तर चूक.

तुमच्या "तीच गाणी" वर येते. हो, तीच. भूपाळी तीच, ताईंचं नाट्यगीत तेच, अभंगाला टाळ्या वाजवताना लय पळवणारे लोक तेच आणि त्यांना हाताने खाली घ्या म्हणणारे दादा तेच. यूट्यूबवर त्यांची 2011 ची क्लिप आहे, मी पण बघते, अठरा हजार व्ह्यूजमधले दोनतीनशे माझेच असतील. पण क्लिपमधल्या ताई कायम 2011 च्याच राहणार ना.

लहानपणी दोन वर्षं मी पेटीच्या क्लासला जायचे, गांधर्वच्या सुरुवातीच्या दोन परीक्षा दिल्यात, त्यापलीकडे आमची मजल गेली नाही. पण पट्टी कळते, म्हणजे गाणारा कुठल्या सुराला सा धरून गातोय ते. 2006 ला ताई काळी पाचमध्ये गायच्या, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळीला सा धरून. त्या नाट्यगीतात एका जागी तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या प ला जाऊन थांबायच्या, नुसत्या थांबायच्या नाहीत, तिथे उभं राहून इकडेतिकडे बघून यायच्या. लोक त्या जागेची वाट बघायचे. साधारण 2014 च्या सुमारास मला वाटायला लागलं की काहीतरी खाली आलंय. पेटी बघून कळत नाही कारण काकांची पेटी स्केलचेंजर आहे, बोटं त्याच पट्ट्यांवर आणि सूर वेगळा. मग मी तबला बघितला. सर खाली गातात, ताई वर, म्हणून दादा दोन तबले आणतात, ताईंसाठीचा लहान तोंडाचा, कारण तोंड जेवढं लहान तेवढा सूर वर. तर तो लहान तबला बदललेला. किंचित मोठा. घरी येऊन पेटी काढली, कानात जे होतं ते लावून बघितलं, पांढरी सहा. काळी पाचच्या अर्धा सूर खाली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, अर्ध्या सुरानं कुणाचं काय बिघडतं. त्याचं बरोबर आहे, कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. मला मात्र फार आपल्यातलं काहीतरी कळल्यासारखं झालं, कारण त्याच वर्षी मला चष्मा लागलेला आणि सतरंजी सोडून मी खुर्चीवर आलेले.

2020 ला कार्यक्रमच नव्हता, बहुतेक ठिकाणी नव्हते, त्यांनी ऑनलाइन केला. पाच जण पाच घरी. ललत आला तो अडकत अडकत, मध्यमावर गोल फिरत राहिला. आम्ही तरी तीनला उठलो, साडी नेसले, सासूबाईंनी मोबाइल पाटावर ठेवला आणि समोर पणती लावली, देव असल्यासारखी. पुढच्या वर्षी नाट्यगृहं अर्ध्या क्षमतेनं उघडली तेव्हा त्यांनी मैदान सोडून नाट्यगृहात केलं, एक खुर्ची सोडून एक बसायचं, तोंडाला मास्क. माझ्या शेजारची खुर्ची फुली मारलेली आणि पलीकडे सासूबाई. पहिला षड्ज लागला आणि त्यांनी त्या मोकळ्या खुर्चीवर हात ठेवला. तीच त्यांची शेवटची दिवाळी पहाट. जास्त लिहीत नाही.

गेल्या वर्षी तबल्यावर परत नजर गेली. अजून मोठा. ताईंनी नाट्यगीत सुरू केलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा, ती जागा येणार आता, आता काय करणार. पट्टी खाली आली तरी तार पंचम तो तार पंचमच. पुढच्या रांगेतल्या, फोटोसाठी आलेल्या आणि साडेसातला नाश्त्याला पळणाऱ्या मुलींना यातलं काही माहिती नाही, त्या रील काढतायत. आणि ताई त्या जागेच्या दोन पायऱ्या अलीकडे थांबल्या. अलगद थांबल्या, श्वास संपला म्हणून नाही, ठरवून, आणि मान काकांकडे वळवली. काकांनी पेटीवर तो पंचम धरला, जेवढा वेळ ताई धरायच्या तेवढाच, ना कमी ना जास्त. ताई ऐकत बसल्या. मग खालून उचलून सम गाठली. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या, बहुतेकांना वाटलं असेल असंच असतं. मी मात्र वाजवल्या नाहीत, हातच आले नाहीत वर. तीच गाणी म्हणता ना, तर हे बघा, वीस वर्षांची मुरलेली माणसं एकमेकांना कसं सांभाळून घेतात ते तीच गाणी असल्याशिवाय दिसत नाही. दरवर्षी नवीन गायले असते तर मला घंटा कळलं असतं कुठला सूर गेला आणि तो कुणी उचलला.

भैरवी झाली, लोक पांगले, चकलीच्या पाकिटांचा स्टॉल सुरू झाला. पार्किंगमध्ये ताई गाडीत तंबोऱ्याची पेटी ठेवत होत्या, इतक्या वर्षांत चेहरा ओळखतात, हसल्या. मी काही बोलणार नव्हते पण तोंडातून गेलंच, "ताई, आज पांढरी सहा नव्हती ना?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "काळी चार. कुणाला सांगू नका हं."

म्हणून ग्रुपचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. विचारू नका.