एकच बाहुली मोठी

नंबर लागायच्या आधीच ते गृहस्थ तपासणीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मागे त्यांची सोळा वर्षांची मुलगी, ‘बाबा, पुरे ना’ असा चेहरा करून. ‘मॅडम, सकाळपासून हिच्या उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झालीय,’ म्हणाले आणि फोन पुढे केला. खिडकीजवळ, दिव्याखाली, अंधारात फ्लॅश टाकून, असे मुलीच्या डोळ्यांचे फोटो एकामागून एक. इतकं व्यवस्थित काम आमचे विद्यार्थीही करत नाहीत.

इंटरनेटवर त्यांनी करायचं ते वाचन केलेलं होतं. मेंदूतली गाठ, फुगलेली रक्तवाहिनी, सगळं. घराजवळच्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला होता आणि दुसऱ्या दिवशीची वेळही घेतलेली होती. अशा वेळी ‘नेटवर वाचू नका’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यांनी वाचलेलं खोटं नव्हतं. मेंदूतून डोळ्याकडे येणाऱ्या तिसऱ्या नसेवर फुगलेल्या रक्तवाहिनीचा दाब पडला तर बाहुली मोठी होते, आणि तेव्हा तासांचा प्रश्न असतो. मात्र ती सहसा एकटी येत नाही. पापणी खाली उतरते, डोळा बाहेर आणि खाली वळतो, एकाचे दोन दिसतात, बहुधा डोकंही भयंकर दुखत असतं.

मुलीची पापणी जागेवर होती. डोळे सगळीकडे वळत होते. डोकं दुखत नव्हतं, एकाचं एकच दिसत होतं. तक्रार एवढीच, की उजेड खुपतो आणि पुस्तकातलं धूसर दिसतं.

आधी हे ठरवायचं असतं की दोघींपैकी बिघडलेली बाहुली कुठली. दरवेळी मोठीच आजारी असते असं नाही, कधी लहान असलेली दोषी निघते. उजेडात डावी ३ मिलिमीटर, उजवी ८. खोलीतले दिवे मालवले तर डावी ६ पर्यंत गेली, उजवी तिथेच. म्हणजे फरक उजेडात वाढत होता, याचा अर्थ उजवीला आकसता येत नव्हतं. साधारण पाचांतल्या एका माणसाच्या बाहुल्यांत थोडाफार फरक जन्मभर असतो, पण तो एखाद्या मिलिमीटरचा, आणि उजेडात-अंधारात तेवढाच राहतो. हा तसला नव्हता.

टॉर्च मारला, काही नाही. बोट नाकाजवळ आणून बघायला लावलं, तरी काही नाही. लांबचं ६/६ दिसत होतं आणि जवळचं वाचता येत नव्हतं. मी उजव्या डोळ्यासमोर +३ चं भिंग धरलं तशी ती बारीक अक्षरं घडाघडा वाचायला लागली आणि वडिलांकडे बघून हसली. वडील हसले नाहीत. सोळाव्या वर्षी चाळिशीचा चष्मा लागतो म्हणजे जवळचं बघण्याचा डोळ्यातला स्नायूही झोपला होता.

तरुण मुलींमध्ये अ‍ॅडीची बाहुली म्हणून एक निरुपद्रवी प्रकार दिसतो, माझा पहिला संशय त्याच्यावर होता. पण त्यात स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बाहुलीची कड कुठे कुठे अळीसारखी हलताना दिसते. इथे कड सगळीकडून सारखी आणि निपचित. चेंडू वगैरे लागल्याची खूणही नव्हती. बाहुली आयतीच मोठी होती, म्हणून औषध न घालताच त्या डोळ्यातली दृष्टीची नस बघून घेतली. सूज नव्हती.

मग दोन्ही डोळ्यांत १ टक्का पायलोकार्पिनचा, म्हणजे बाहुली आकसवणाऱ्या औषधाचा, थेंब टाकला आणि त्यांना बाहेर बसवलं.

थोड्या वेळाने वडील एकटेच आत आले. दार लोटून घेतलं. ‘मॅडम, ही काही... घेत तर नसेल ना? मुलांचं आजकाल काही कळत नाही.’ गाठीबद्दल विचारताना त्यांचा आवाज असा झाला नव्हता. मी सांगितलं, पोटात गेलेली वस्तू रक्तातून दोन्ही डोळ्यांना सारखीच पोचते, ती उजवा-डावा बघत नाही. एकाच डोळ्यात झालंय ते बाहेरून त्या डोळ्याला लागलेल्या कशाने तरी. ते खुर्चीत टेकले.

पाऊण तासाने बघितलं तर डावी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आणि उजवी जशीच्या तशी ८. तिसरी नस दुखावलेली असती तर फक्त निरोप तुटलेला असता, स्नायू धडधाकट असता आणि पायलोकार्पिनने त्याला आकसायला लावलं असतं. अ‍ॅडीतही तेच. थेंबाला अजिबात दाद न देणारी बाहुली सांगत होती की स्नायूवर आधीच कुठल्यातरी औषधाने ठाण मांडलंय. अ‍ॅट्रोपिनच्या, म्हणजे बाहुली मोठी करणाऱ्या औषधांच्या घराण्यातलं काहीतरी.

‘डोळ्यात काही घातलं होतंस?’ हे मी सुरुवातीलाच विचारलं होतं. तिने नाही म्हटलं होतं आणि ते खरंच होतं. घरात कुणाचे ड्रॉप्स नाहीत, दम्याचं मशीन नाही. स्लिट लॅम्पची दांडी धरलेल्या तिच्या बोटांवर पेन्सिलचा काळा डाग होता. ‘चित्रं काढतेस का?’

‘छे, जर्नल. जीवशास्त्राचं. काल रात्री फूल कापून आकृत्या काढत होते.’

‘कुठलं फूल?’

‘धोतरा.’

तिच्या फोनमध्ये फोटोही होता. उभा चिरलेला पांढरा कर्णा, पाच पुंकेसर, बाजूला आडवं कापलेलं बीजांडकोश. कापताना डोळा खाजला होता, चोळला असेल, तिला नीट आठवत नव्हतं. धोतऱ्याच्या पानाफुलांत, बियांत, रसात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला आम्ही बाटलीतून घालतो त्याच जातीची द्रव्यं. बोटावरचा थोडासा रस पुरतो.

नाडी मोजली, तोंडाला कोरड पडलीय का विचारलं. दोन्ही ठीक. पोटात गेला असता तर प्रकरण वेगळं होतं, धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो, दगावतोही. उपचार असा काही नव्हताच. उन्हात गॉगल, वाचायला थोडे दिवस कळ काढायची, आणि पापणी पडली, दोन दिसलं किंवा डोकं दुखलं तर तडक यायचं. ‘हातमोजे घालून काप, आणि वर्गातल्यांनाही सांग,’ म्हटल्यावर तिने तिथेच वर्गाच्या ग्रुपवर टाइप करायला घेतलं.

एमआरआय करायचा की नाही, हे वडिलांनी जाताना दोनदा विचारलं. माझ्या मते गरज नव्हती, तसं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी वेळ रद्द केली नाही, दोन दिवसांनी पुढे ढकलली. रोज सकाळी त्याच खिडकीजवळ काढलेला एक फोटो मला पाठवत राहिले, आणि बाहुली लहान होत चाललेली फोटोत स्वतः बघितल्यावरच त्यांनी ती वेळ रद्द केली.